दिवसाला एकच अंदाज

शेवटच्या भेटीत मी बंबावर बोट ठेवलं होतं. तांब्याचा, पोटाला पोचा आलेला, कोपऱ्यातल्या फळीवरचा बंब. उत्तमभाऊंनी नेहमीप्रमाणे चहाचा घोट घेतला, म्हणजे बिअरच्या जाड काचेच्या मगमधून चहाचा घोट, आणि मान हलवून म्हणाले, "नाय बाई. उद्या या." मी म्हटलं, उद्या भाचीकडे बारसं आहे, परवा येते. "परवा या. वस्तू कुठं पळून चालली का?" ते हसले, मी हसले, सोड्याचा शेवटचा घोट घेतला आणि घरी आले. त्या परवाच्या सकाळी मी मेथी निवडत बसले होते. शफीकचा फोन आला. शफीक म्हणजे त्यांच्याकडचा मॅनेजर, स्वयंपाकी आणि उजवा हात. "बाई... भाऊ नै रहे. नींद मेंच गए."  रडू आलं ते बऱ्याच वेळानं. त्याआधी आला तो प्रश्न, आणि तो काही शहाण्या माणसाला शोभेल असा नव्हता: आता मला कळणार कसं?

ज्यांना उत्तमभाऊ माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. सूतगिरणी चौकातून गारखेड्यात शिरलं की औषधाच्या दुकानाला लागून एक हिरवं दार आहे. वर पाटी एवढीच, 'आयरिश पब'. मालकाचं नाव नाही, घोषवाक्य नाही. त्यामुळे लोकांनी जागेचं नावच 'आयरिश' पाडलं. "कुठं आहेस?" "आयरिशला आलोय." फोनवरची ही उत्तरं मी इतक्यांदा ऐकली आहेत की पलीकडच्या एखाद्या भोळ्या आईला वाटत असेल, पोरगा विमानात बसला कधी! उत्तमभाऊ मूळचे गंगापूर तालुक्यातले, घरची शेती ऊस-कापसाची. आयटीआय करून वाळूजच्या एका कारखान्यात मशीनच्या दुरुस्तीवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ज्या वयात आपल्याकडचा माणूस प्लॉट घेतो नाहीतर सप्ताहाच्या कमिटीत जातो, त्या वयात ह्यांनी पब काढला. आणि स्वतः दारूच्या थेंबाला न शिवलेले! भावकीनं तोंडात बोटं घातली. पाहुणे म्हणाले, काढायचीच होती तर परमिट रूम काढायची, ती निदान कळते तरी. हे आयरिश काय काढलं? हाच प्रश्न मलाही पडला. आणि मला प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत माझ्या पोटात दुखतं. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं त्याचा हा परिणाम, असं मी म्हणते. मूळचाच भोचकपणा, असं आमच्या वन्सं म्हणतात.

मी तिथे पहिल्यांदा गेले ते पिण्यासाठी नाही, अगदी उलट कारणासाठी. बाजारात बाईमाणसाची काय पंचाईत होते ते बायकांना सांगायला नको आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही. हिरव्या दारावर एक छोटा कागद चिकटवलेला दिसला: 'आत लेडीज टॉयलेट आहे. गिऱ्हाईक असायची गरज नाही.' पबच्या दारात मी, हातात कोथिंबिरीची पिशवी! कोणी ओळखीचं बघत नाही ना, अशी इकडेतिकडे नजर टाकून आत शिरले. टॉयलेट स्वच्छ, साबण, टांगलेला कोरडा टॉवेल. बाहेर येऊन खाली मान घालून सटकणार, तर दाराशी स्टुलावर बसलेले गृहस्थ म्हणाले, "गाव कोणतं, बाई?" मी म्हटलं, इथलंच, समर्थनगर. "ते ऱ्हायचं. मूळचं?" पैठण, म्हटलं. "मग बसा की! ते बघा, तिकडं कोपऱ्यात हायेत ते पैठणचेच." आणि मला काही कळायच्या आत त्या कोपऱ्यातल्या आजोबांसमोर माझी खुर्ची ओढलेली होती. मी लिंबू सोडा घेतला. आजोबा आमच्या आळीच्या मागच्याच आळीतले निघाले. आमच्या शाळेतल्या शिपायापासून नाथषष्ठीतल्या पेढ्यांपर्यंत सगळं बोलून झालं. घरी आले, कुलूप उघडलं, आणि लक्षात आलं की सकाळपासून मी टीव्हीशी सोडून पहिल्यांदाच कोणाशी तरी बोलले होते. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. संध्याकाळ मला फार लांब वाटायची.

उत्तमभाऊंची पद्धतच ती. नवा माणूस आला की 'काय घेणार' नाही, आधी 'गाव कोणतं'. मग त्याला त्याच्या पंचक्रोशीतल्या कोणाशेजारी नेऊन बसवायचं. शेंद्र्याला नव्यानं नोकरी लागलेला विदर्भातला इंजिनिअर असो, की बायकोशी भांडून आलेला समोरच्या सोसायटीतला वकील, एकट्यानं बसायची सोयच नव्हती. एखादा कुरकुरला तर भाऊ म्हणत, "एकट्यानं प्यायची तर घरी पी. हितं येऊन पैसे कशाला घालवतो?" टीव्ही नाही, मोठ्यानं गाणी नाहीत. मेन्यूवर 'आयरिश स्टू' असं लिहिलेलं, पण वाटीत यायचा तो शफीकच्या हातचा मटणाचा तर्रीदार खलिया, सोबत पिवळी धमक नान. आम्हा शाकाहारी लोकांसाठी बटाट्याचं सूप, त्याला लसूण-मिरचीची फोडणी. खुद्द आयरिश माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं असतं, आनंदानं की तिखटानं ते सांगता येत नाही. वन्सं एकदा म्हणाल्या, "अगो, तू त्या गुत्त्यात जातेस म्हणे?" मी म्हटलं, हो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? चला की एकदा. आल्या. परभणीच्या एका बाई भेटल्या त्यांना, पुढच्या आठवड्यात मला न विचारता एकट्याच येऊन गेल्या.

आता भिंतींचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. तिकडच्या पबच्या भिंतींवर म्हणे जुनं शेतीचं सामान टांगलेलं असतं. म्हणून भाऊंनी जागा लावताना चुलतभावाला सांगितलं, जुनं काही मिळेल ते आण. तो गावोगावच्या भंगारवाल्यांकडून ट्रॉलीभर माल घेऊन आला. त्यामुळे आमच्या आयरिश पबमध्ये तिफण, मोटेचं चाक, पायल्या, कंदील, दावणी, सुपं असा सगळा गोदाकाठ खिळ्यांना लटकलेला. अशात एके दिवशी बजाजनगरचे जाधव आले. जाधव एका कारखान्यात डाय फिटर, अबोल गडी, गाव गंगापूरकडचं. बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघतच राहिले. मग उठून एका घुंगरमाळेला हात लावला. पितळी घुंगरांच्या त्या माळेत एकच घुंगरू लोखंडी होतं. "भाऊ, ही आमच्या हिऱ्याची हाय. हे घुंगरू म्या लहानपणी बसिवलंय, सायकलच्या घंटीचं." हिऱ्या म्हणजे त्यांच्या वडिलांचा बैल. भाऊ लगेच म्हणाले, "मग घिऊन जा." जाधवांनी माळ उतरवली, हातात धरून थोडा वेळ उभे राहिले आणि परत खिळ्याला अडकवली. "घरी वन रूम किचनात कुठं लावू? हितंच ऱ्हाऊ द्या. मी हिच्याखाली बसत जाईन." भाऊंचा चेहरा असा उजळला की मला नवल वाटलं. म्हणाले, "व्हय, तिकडं बी असंच हाय." तिकडे म्हणजे काय, ते मी तेव्हा विचारलं नाही. मी, जी दुधवाल्याला त्याच्या म्हशीचं वय विचारते, तिनं नेमका तेव्हा सोडा मागवला.

तेव्हापासून रीतच पडली. रोजचा माणूस झाला की घरून एक वस्तू आणायची, भाऊ स्वतः खिळा ठोकून ती लावणार आणि तिच्याखालची जागा त्याची. कोणी आईचं पोळपाट आणलं, कोणी बंद पडलेल्या एसटी कॅन्टीनमधली किटली. मी आमच्या हिरव्या स्कूटरच्या स्टेपनीचं गोल झाकण नेलं. ह्यांनी ती स्कूटर पोराबाळासारखी सांभाळली होती. विकताना मी झाकण तेवढं काढून ठेवलं आणि मग ते घरात कुठे ठेवावं ते कळेना. जिथे ठेवीन तिथे ते मला दिसायचं. आयरिशच्या भिंतीवर मात्र ते छान दिसलं. त्याखाली बसून पहिल्या दिवशी मी रडले, दुसऱ्या दिवशी सूप मागवलं.

मग साहजिकच मी विचारलं, "सगळ्यांचं झालं. तुमची कोणती हो, भाऊ?" ते गालात हसले. "वळखा. दिवसाला एकच अंदाज." झालं! पाच वर्षं हा खेळ चालला. मी पद्धतशीर, डाव्या भिंतीपासून सुरुवात केली. कंदील? नाय. तिफण? नाय. पायली, अडशेरी, चाकाची आरी? नाय, नाय, नाय. कधी मी त्यांना गाफील गाठून विचारायची, कधी शफीकला फितवायची. शफीक म्हणायचा, "मेरे कू भी नै मालूम, बाई. कसम से." भाऊ आयर्लंडला खरंच गेले होते का, हेही मी खोदून काढलं. कंपनीनं मशीन बसवायला वर्षभर एका लहानशा गावात पाठवलं होतं. हिवाळ्यात संध्याकाळी पाचला अंधार, बोचरी थंडी, भाषा निम्मी कळायची. ते रोज पबच्या खिडकीबाहेर उभे राहून आतली माणसं बघायचे. दारू पीत नाही तर आत कोणत्या तोंडानं जायचं? "एक दिवस मालकानंच दार उघडलं, बाई. म्हातारा माणूस. म्हणला, बाहेर काय करतो? मी म्हणलं, मी पीत नाय. तो म्हणला, मग च्या घे. आन् मला बिअरच्या मगात च्या आणून दिला... धुतलेला कपच नव्हता त्याच्याकडं." एवढं सांगून त्यांनी मगातला चहा संपवला. मग दार कोणी ढकललं, आणि भाऊ उठले, "गाव कोणतं?"

ते गेल्यावर तेरावा झाला आणि काही दिवसांनी भाऊंच्या मुलीचा, मेघाचा, सगळ्यांना मेसेज आला. रविवारी दुपारी या आणि आपापली वस्तू घेऊन जा, ज्याची वस्तू त्याची अशी बाबांची पद्धत होती, कोणाचं काही माझ्याकडे राहायला नको. मेघा दातांची डॉक्टर, एकुलती एक, आई आधीच गेलेली. मी फोन केला तर तिचा आवाज थकलेला होता. "काकू, परवाना माझ्या नावावर करायचा की सोडायचा, ते ठरवायचंय. चुलते म्हणतात, माणूस गेला तसं त्याचं खूळही जाऊ दे. मला त्यातलं काही कळत नाही हो. मोबाईलवाल्याला जागा हवीय." तिचं चुकत होतं असं नाही. पण फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते मी स्पष्टच लिहिते. मला भीती वाटली. संध्याकाळची.

रविवारी गेले. हिरवं दार सताड उघडं आणि दाराशी स्टूल रिकामं. आत पंधरा-वीस माणसं लग्नाच्या कार्यालयात नवरीकडचे उभे असतात तशी अवघडून उभी. गाव कोणतं हे विचारायला कोणी नव्हतं. टेबलावर पुठ्ठ्याचे खोके. जाधवांनी घुंगरमाळ उतरवून रुमालात गुंडाळलेली, आणि त्या रुमालातूनही ती बारीक वाजत होती. माझ्या मनात आलेला विचार सांगते. सगळ्यांनी आपापलं उचललं की विकतचं भंगार सोडून जे उरेल ती भाऊंची वस्तू असणार, म्हणजे भिंत मोकळी झाली की मला उत्तर मिळणार! आणि पहिल्यांदाच मला उत्तर नको होतं. मी स्टेपनीच्या झाकणाखाली खुर्ची ओढून बसले. मेघा म्हणाली, "काढून देऊ, काकू?" मी म्हटलं, थांब जरा. आधी सांग, तुझ्या बाबांची वस्तू कुठली?

ती गोंधळली. "बाबांची? इथे बाबांचं काहीच नाहीये. हे सगळं विकत आणलेलं आणि तुम्हा लोकांचं." मी म्हटलं, असं कसं, त्यांनी पाच वर्षं मला झुलवलं. ती म्हणाली, "खरंच नाही. आजोबांची एकच वस्तू घरात होती, अडकित्ता. पितळी, मोराच्या आकाराचा. बाबांना सुपारी लागायची म्हणून ते तो आयर्लंडला घेऊन गेले आणि हरवून आले. आजी त्यावरून शेवटपर्यंत बोलायची त्यांना." तेव्हा शफीक आतून हात पुसत आला. म्हणाला, "भाऊ हर दिवाली कू उधर फोन लगाते थे, मेरेच मोबाईल पे. फिर फोन लेको बाहर जाते. नोरा करके है कोई. उन लोगां कू अब तक खबर नै दी अपन ने." मेघा त्याच्याजवळ गेली. मग म्हणाली, "लावा."

आपल्याकडे ऊन उतरत होतं, तिकडे सकाळच असावी. पडद्यावर पन्नाशीची, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांची बाई आली आणि अनोळखी चेहरा पाहून क्षणभर थांबली. मेघानं इंग्रजीत सांगितलं, मी उत्तमची मुलगी. बाबा गेले. नोरानं तोंडावर हात धरला. मग हळूहळू बोलायला लागली... दार उघडणारा म्हातारा म्हणजे तिचे वडील, तेही आता नाहीत, पण पब आहे, ती चालवते. उत्तमसाठी चहाचा मग अजून वेगळा ठेवलेला आहे. आणि म्हणाली, थांबा, तुम्हाला काही दाखवायचंय. ती फोन घेऊन चालू लागली. काळपट लाकडी भिंत, घोड्याचे नाल, काठ्या, जुने पत्र्याचे बोर्ड... आणि खिडकीशेजारी, एका खिळ्याला, पितळी मोर. मेघाच्या तोंडून "अगं आई गं" एवढंच निघालं. आमच्या मागे सगळेजण येऊन उभे राहिले होते. जाधव म्हणाले, "तिकडं बी असंच हाय म्हणले व्हते ते."

नोरा म्हणाली, जाताना त्यानं तो दिला आणि त्याखाली आपली खुर्ची राखायला सांगितली. माझ्या वडिलांनी विचारलं, हे आहे काय? तर म्हणाला, ओळखा, दिवसाला एकच अंदाज! माझे वडील मरेपर्यंत ओळखत राहिले. नवा माणूस आला की आम्ही त्याला आधी हेच विचारतो. घोड्याचे खूर कापायचं हत्यार? चिरूट? मेणबत्तीची वात? एका पाद्र्यानं सांगितलं, दात उपटायचं. इथे दातांची डॉक्टर मेघा डोळे पुसत हसायला लागली. दर दिवाळीला आम्ही वर्षभराचे अंदाज त्याला ऐकवायचो, नोरा म्हणाली, तो फक्त नाही म्हणायचा. मग तिचा आवाज बदलला. "तुझ्या घराण्याची वस्तू आहे ही. मी उतरवून पाठवू का? आणि आता तरी सांगशील, काय आहे ते?"

 मेघानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. टेबलावरच्या खोक्यांकडे, उघड्या खिळ्यांकडे, जाधवांच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. जन्मभर ज्या बाईनं एक प्रश्न अर्धवट सोडला नाही, तिच्या, म्हणजे माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगू नको गं!" मेघा पुन्हा फोनकडे वळली. तिनं नाक ओढलं. "उतरवू नका," ती म्हणाली, "राहू द्या तिथेच. आणि ओळखा. दिवसाला एकच अंदाज." नोरा हसली की रडली ते नीट दिसलं नाही, फोन हलत होता. फोन बंद झाल्यावर मेघा जाधवांपुढे गेली, हात पुढे केला आणि रुमाल मागून घेतला. माळ सोडली, टाचा उंचावून तिच्या खिळ्याला परत अडकवली. "शफीककाका," ती पाठ न वळवता म्हणाली, "परवान्याचे कागद उद्या क्लिनिकवर घेऊन या." मग दाराकडे गेली आणि स्टुलावर बसली.

हे होऊन काही आठवडे झाले. मेघा संध्याकाळी क्लिनिक आटोपून येते. 'गाव कोणतं' विचारताना अजून थोडी लाजते, पण विचारते. स्टू तसाच तिखट आहे. भाऊंचा मग काउंटरवरच्या फळीवर असतो, त्यात रोज चहा ओततात आणि जो नवा माणूस येईल त्याला तो मिळतो. मला आता विचारायला काही उरलेलं नाही, आणि त्यांची फार आठवण येते, विशेषतः त्या "नाय बाई"ची. परवा शेंद्र्याहून आलेली एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली, दोन्ही हातांत तो मग धरून भिंतीकडे टकमक बघत. मी तिला जाधवांची माळ दाखवली, किटली दाखवली, माझं झाकण दाखवलं. ती म्हणाली, "आणि ज्यांनी हे काढलं, त्यांची वस्तू कुठली?" मी सोड्याचा घोट घेतला.

"ओळख," म्हटलं. "दिवसाला एकच अंदाज."

तिनं बंबावर बोट ठेवलं.